जुनी हायब्रिड गाडी घेताय? झाकलेले दोष असे उघडे पाडा

ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी ई-एचईव्ही या हायब्रिड गाड्या २०२२ मध्ये बाजारात आल्या, तर इनोव्हा हायक्रॉस त्या वर्षाच्या अखेरीस. त्यांचे पहिले मालक आता गाडी बदलू लागले आहेत. नागपूर आणि रायपूर या दोन मोठ्या बाजारांच्या मधोमध असलेल्या आपल्या नवेगाव बांध, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, साकोली, देवरी या पट्ट्यात अशा गाड्या विकायला येणे साहजिक आहे. पेट्रोलचा दर पाहता हायब्रिडची ओढ वाटणेही साहजिक आहे.

गाडी चांगली असेल तर ती वर्षानुवर्षे पैसे वाचवते. दोष असलेली गळ्यात पडली, तर गोंदिया पासष्ट किलोमीटरवर आणि नागपूर त्याच्या दुप्पट अंतरावर, तेही बंद गाडी टो करून नेण्याचे. गावातला मेकॅनिक कितीही हुशार असला तरी हायब्रिडच्या बॅटरीला आणि इन्व्हर्टरला त्याने हात लावू नये, कारण तिथला विजेचा दाब जीव घेऊ शकतो. म्हणून आपल्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याने शहरातल्या माणसापेक्षा जास्त काटेकोर तपासणी करायला हवी, आणि ती पैसे देण्याआधी.

हायब्रिडचे दोष का लपतात?

साध्या गाडीचे इंजिन थकले की ती ओढत नाही, धूर सोडते, चढावर रडते. हायब्रिडमध्ये इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी असते. बैलजोडीतला एक बैल दमला तरी दुसरा जू ओढत राहतो आणि दुरून पाहणाऱ्याला जोडी ठीकच वाटते, तसे इथे होते. बॅटरी अशक्त झाली तर इंजिन जास्त वेळ चालून ती उणीव भरून काढते. इंजिन कमजोर झाले तर मोटर जोर लावते. ब्रेकच्या डिस्क गंजल्या तरी मोटर जनरेटरसारखी चालून वेग कमी करते, म्हणून गाडी थांबते. पाच किलोमीटरच्या फेरीत सगळे गोड वाटते.

म्हणून हायब्रिड तपासण्याची रीत एकच: प्रत्येक भागाला एकट्याने काम करायला लावा. पुढची प्रत्येक चाचणी याच एका सूत्रावर उभी आहे.

आधी ओळखा, हायब्रिड कोणती?

‘हायब्रिड’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गाड्या विकल्या जातात. पहिली माइल्ड हायब्रिड. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ डिझेलमध्ये एसएचव्हीएस नावाने हे तंत्र आणले. पुढे ते एर्टिगा, एक्सएल-६, ब्रेझा आणि ग्रँड विटाराच्या साध्या आवृत्तीत आले. यात पट्ट्यावर चालणारा छोटा जनरेटर-मोटर इंजिनाला हातभार लावतो. ही गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. तिची बॅटरी छोटी, दुरुस्ती सोपी आणि इंधनाची बचतही थोडी.

दुसरी स्ट्राँग हायब्रिड. ही कमी वेगात इंजिन बंद ठेवून फक्त मोटरवर चालते. ग्रँड विटारामध्ये झेटा प्लस आणि अल्फा प्लस या आवृत्त्या स्ट्राँग हायब्रिड आहेत. टोयोटा हायरायडरमध्येही दोन्ही प्रकार मिळतात. होंडा सिटी ई-एचईव्ही, टोयोटा कॅमरी हायब्रिड, मारुती इन्व्हिक्टो या स्ट्राँग हायब्रिड. हायक्रॉस मात्र साध्या पेट्रोलवरही मिळते, म्हणून मागची पाटी नीट वाचा.

झटपट ओळखायची खूण: क्लच आणि हाताचा गिअर असेल तर ती स्ट्राँग हायब्रिड नाही. आरसीवरचा इंधनाचा रकानाही पाहा, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण ‘पेट्रोल/हायब्रिड’ अशी नोंद माइल्ड हायब्रिडवरही असते. माइल्ड हायब्रिडला स्ट्राँगची किंमत मोजणे हा या व्यवहारातला पहिला आणि सगळ्यात महाग पडणारा घोटाळा. खालची तपासणी मुख्यतः स्ट्राँग हायब्रिडसाठी आहे.

आपल्या रस्त्यांवर ती परवडेल का?

हायब्रिडची खरी बचत थांबत-सरकत चालणाऱ्या वाहतुकीत होते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते आणि पुन्हा निघताना वापरते. आपल्याकडे कोहमारा ते अर्जुनी मोरगाव हा रस्ता बऱ्यापैकी मोकळा. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर तर एकाच वेगाने लांब पल्ला जातो. तिथे हायब्रिडचा फायदा घटतो.

कागदावर हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचे प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. व्यवहारात तेवढे धरू नका. समजा साधी पेट्रोल गाडी १५ आणि हायब्रिड २१ देते. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवलीत तर एकीला ८०० लिटर लागेल, दुसरीला सुमारे ५७१. बचत २२९ लिटरची. दर १०५ रुपये धरला तर वर्षाला साधारण २४,००० रुपये. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक या आकड्याने भागा. उत्तर सात-आठ वर्षे आले आणि तुमचे फिरणे मुख्यतः महामार्गावर असेल, तर साधी पेट्रोल गाडीच बरी.

आणखी एक हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि बहुतेक हायब्रिडवरचा एकूण कर ४३ वरून ४० टक्क्यांवर आला. विक्रेता जुन्या बिलावरून भाव सांगत असेल तर त्याला आजच्या नव्या गाडीची किंमत दाखवा.

घरबसल्या इतिहास काढा

गाडी पाहायला नागपूर किंवा रायपूर गाठण्याआधी फोनवर आरसी, विमा आणि सर्व्हिसच्या बिलांचे फोटो मागवा. देण्यात टाळाटाळ झाली तर प्रवास वाचवा.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या प्रत्येक भेटीची तारीख, किलोमीटर आणि काम यांची नोंद संगणकात असते. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्या संमतीने ती मागा. यातून तीन गोष्टी कळतात. किलोमीटर मागे फिरवले आहेत का? दरवर्षी सर्व्हिस झाली का? एखादी तक्रार पुन्हा पुन्हा आली का? हायब्रिडचा मालक कधी कधी ‘इंजिन कमी चालते’ म्हणून ऑइल बदलायला उशीर करतो. इंजिन बंद असले तरी ऑइल वयाने खराब होते, हे लक्षात ठेवा.

रिकॉल झालेल्या गाडीचे काम पूर्ण झाले का, हेही चेसिस नंबर देऊन विचारा. उदाहरणार्थ, मारुतीने जानेवारी २०२३ मध्ये ग्रँड विटाराच्या ११,१७७ गाड्या मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटसाठी परत बोलावल्या होत्या. काम मोफत होते, पण मालकाने गाडी नेलीच नसेल तर दोष तसाच राहतो.

मोठ्या बॅटरीची वॉरंटी सर्वांत मोलाची. टोयोटा, मारुती आणि होंडा यांच्या या गाड्यांवर ती ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यातले जे आधी होईल तोवर आहे. सप्टेंबर २०२२ ची ग्रँड विटारा ७०,००० किलोमीटर चाललेली असेल तर बॅटरीचे संरक्षण सप्टेंबर २०३० पर्यंत. तीच टॅक्सीसारखी पळून दीड लाखावर गेली असेल तर संरक्षण जवळपास संपले. २०१३ ते २०१७ मधल्या कॅमरीचे ते संपलेलेच आहे. वॉरंटी नव्या मालकाच्या नावे चालू राहते का, आणि बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीम, अलार्म किंवा गॅस किटमुळे ती बाद झाली आहे का, हे सेंटरकडून लेखी घ्या.

थंड गाडीपासून सुरुवात करा

‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे विक्रेत्याला सांगा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर गाडी आधीच तापवलेली आहे. थंड असतानाच बारा व्होल्टची बॅटरी, इंजिनाची खडखड आणि धूर हे तीनही खरे बोलतात.

बटण दाबल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे इशारादिवे एकदा लागून विझायला हवेत. ते लागतच नसतील तर बल्ब काढला किंवा झाकला असण्याची शंका घ्या. मग ‘रेडी’ अशी खूण यायला हवी. इंजिनाचा आवाज आला नाही तरी ‘रेडी’ म्हणजे गाडी चालायला तयार.

मोठी बॅटरी: कस लावून पाहा

हायरायडर, ग्रँड विटारा आणि सिटीमध्ये लिथियम-आयन, तर हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असते. दोन्हींचा शत्रू एकच, उष्णता. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वर जाते. म्हणून गाडी सावलीत किंवा शेडमध्ये राहायची की उघड्यावर, हा प्रश्न जरूर विचारा.

चार्जचे चित्र पडद्यावर लावून गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवा. निरोगी बॅटरीचे पट्टे मधल्या टप्प्यात सावकाश वरखाली होतात. पट्टे भराभर खाली येऊन थोड्याच वेळात पुन्हा भरत असतील, तर बॅटरीची धारणशक्ती कमी झाली आहे. मग गाडी उभी करून एसी चालू ठेवा. इंजिन किती वेळ बंद राहते आणि किती वेळा सुरू होते ते घड्याळावर पाहा. दर एक-दोन मिनिटांनी इंजिन लागत असेल तर ती धोक्याची खूण. शक्य असल्यास त्याच मॉडेलची दुसरी गाडी तशीच उभी करून तुलना करा, म्हणजे शंका उरणार नाही.

टोयोटाच्या रचनेत रिव्हर्समध्ये चाके फक्त मोटरने फिरतात, इंजिन ती फिरवू शकत नाही. म्हणून मोकळ्या, सुरक्षित चढावर गाडी हळूहळू मागे चढवून पाहा. अडखळली, कंप पावली किंवा दिवा लागला तर मोटर, बॅटरी किंवा इन्व्हर्टर यांत खोट आहे. इंजिनाची मदत काढून घेणारी ही सर्वांत सोपी चाचणी.

बॅटरीला थंड ठेवणारा पंखा हा हमखास दुर्लक्षित भाग. तो बहुतेक वेळा गाडीच्या आतली हवा ओढतो. हवा घेण्याची जाळी मागच्या सीटच्या बाजूला किंवा सीटखाली असते. नेमकी जागा मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. जाळीवर धूळ, केस, तणसाचे कण, कुत्र्याची लव साचली असेल किंवा वर सामान रचलेले असेल, तर बॅटरी वर्षानुवर्षे गुदमरली आहे असे समजा. जाळी स्वच्छ असूनही सीटच्या बाजूने पंख्याची सतत मोठी घरघर येत असेल, तर आतला फिल्टर किंवा पंखा चोंदला असू शकतो.

लहान बॅटरी आणि इन्व्हर्टरचे कूलंट

मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी बारा व्होल्टची साधी बॅटरी मेली की हायब्रिड जागची हलत नाही, कारण सगळी नियंत्रणे तिच्यावर जागी होतात. मल्टीमीटर लावा. गाडी काही तास बंद असताना १२.४ व्होल्ट किंवा जास्त, आणि ‘रेडी’ असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. लहान बॅटरी जुनी असणे हा सौदा मोडण्याचा दोष नाही, भाव कमी करण्याचा आहे. मात्र गाडी महिनोन्‌महिने बंद उभी होती का, हे विचारा. तशा उभ्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या उतरतात.

बॉनेट उघडल्यावर अनेक मॉडेलमध्ये कूलंटच्या दोन टाक्या दिसतील, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची. इन्व्हर्टरचे कूलंट कमी झाले किंवा त्याचा छोटा पंप बंद पडला तर तो महागडा भाग तापतो. टाकीतली पातळी खुणेपर्यंत हवी आणि रंग स्वच्छ. कोणी साधे पाणी ओतलेले असेल तर गढूळ किंवा गंजट दिसेल.

उंदीर आणि केशरी केबल

हा दोष आपल्या भागात फार आढळतो. धान घरात आले, अंगणात तणसाचे ढीग लागले की उंदीर गाडीच्या उबेला येतात. इंजिनापाशी, एअर फिल्टरच्या डब्यात, बॅटरीच्या हवेच्या वाटेत घरटी करतात. टॉर्च घेऊन लेंड्या, कुरतडलेला फोम, तणसाचे तुकडे शोधा. एसी लावताच मुतासारखा वास आला तर आत घरटे आहे किंवा होते.

केशरी रंगाच्या जाड केबल उच्च दाबाच्या असतात. बॅटरीचा दाब या गाड्यांमध्ये पावणेदोनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो आणि काही मॉडेलच्या इन्व्हर्टरमध्ये तो पाचशे-सहाशे व्होल्टपर्यंत चढवला जातो. या केबलना हात लावू नका, फक्त पाहा. केशरी आवरणावर दातांचे व्रण, काळी टेप किंवा बाहेरून मारलेला जोड दिसला, तर तिथेच थांबा आणि गाडी सोडा. साध्या बारीक वायरची दुरुस्ती सर्व्हिस सेंटरमध्ये झाली असेल आणि बिल असेल तर हरकत नाही.

पुरात बुडालेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि असंख्य गाड्या बुडाल्या. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत हाहाकार केला होता. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून विकणे अवघड नाही. पण हायब्रिडच्या बॅटरीचा डबा बऱ्याचदा सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असतो, म्हणजे पाणी आधी तिथेच पोहोचते. बॅटरीच्या जोडांवर चढलेला गंज सहा महिन्यांनी किंवा वर्षाने घात करतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतला मळकट, असा सरळ पट्टा दिसला तर पाणी तिथवर चढले होते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीची खळगी, डिकीच्या गालिच्याखालचा पत्रा आणि बॅटरीचे झाकण जिथे दिसते तिथला गंज पाहा. हेडलाइटच्या आत वाफ, कुबट वास आणि त्यावर मारलेला भरपूर अत्तराचा फवारा, या तीनही खुणा एकत्र दिसल्या तर शंका पक्की. विमा कंपनीकडच्या दाव्यांची माहिती मालकाकडून मागवा. सप्टेंबर २०२३ नंतर मोठा दावा झालेली नागपूरची गाडी दुप्पट काळजीने पाहा.

मागून धडक बसलेली गाडीही तितकीच धोक्याची, कारण डिकीत बॅटरी असेल तर तिला धक्का पोहोचलेला असू शकतो. मागच्या पत्र्याचे वेल्डिंग, दोन बाजूंच्या रंगातला फरक आणि डिकीच्या झाकणातली फट बारकाईने पाहा.

ब्रेकला एकट्याने थांबवायला लावा

हायब्रिडचे ब्रेक पॅड फार काळ टिकतात, आणि हीच गोष्ट उलटीही पडते. कमी वापरामुळे डिस्क गंजतात, कॅलिपर अडकतात. पावसाळाभर उघड्यावर उभ्या गाडीत हे जास्त. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारा. वरवरचा पिवळसर गंज एका ब्रेकने जातो. खोल चर, कडांना आलेली उंच धार आणि एका बाजूला जास्त झीज मात्र दुरुस्ती मागते.

टोयोटाच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला गाडी बॅटरी चार्ज करत नाही, म्हणजे मोटरचा ब्रेक लागत नाही. पूर्ण मोकळ्या, सपाट जागेत ताशी तीसच्या आत गाडी न्यूट्रलला टाकून हळू ब्रेक लावा. करकर, थरथर किंवा एका बाजूला ओढ आली तर खरा दोष समोर आला. ही चाचणी वर्दळीच्या रस्त्यावर करू नका.

टोयोटाच्या अनेक हायब्रिडमध्ये चालकाचे दार उघडताच ब्रेकचा पंप क्षणभर घुमतो. ते नेहमीचेच. मात्र गाडी उभी असताना, पेडलला पाय न लावता पंप दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा चालत असेल तर ब्रेकची यंत्रणा दाब गमावते आहे. ती दुरुस्ती महाग असते.

इंजिन आणि एसी

थंड इंजिन पहिल्यांदा लागताना कानोसा घ्या. क्षणभराची जोराची खडखड, गाडी हलवणारा हिसका आणि पांढरा धूर एकत्र आले तर सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असल्याची शंका येते. २०१० पासून भारतात विकल्या गेलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ईजीआरची वाट काजळीने चोंदणे आणि त्यानंतर हेड गॅस्केट जाणे हा ओळखीचा आजार आहे. प्रियस स्वस्तात मिळते म्हणून मोहात पडू नका, आधी सुटे भाग कोण देईल ते विचारा. २००८ च्या होंडा सिव्हिक हायब्रिडबद्दलही हेच सांगावेसे वाटते.

ऑइल भरायचे झाकण उघडा. खाली साईसारखा पांढरट थर असेल तर गाडी फक्त छोट्या फेऱ्या मारत असावी आणि इंजिन पुरते तापत नसावे. डिपस्टिकवर ऑइल काळेकुट्ट आणि कमी असेल तर सर्व्हिसची तारीख पुन्हा पाहा.

स्ट्राँग हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्यात वीज न वाहून नेणारे खास ऑइल लागते. रस्त्याकडेच्या दुकानात नेहमीच्या गाडीचे ऑइल घालून गॅस भरला गेला, तर विद्युतरोधन कमी होते आणि पुढे गाडीच बंद पडू शकते. ‘एसीचा गॅस कुठे भरला?’ हा प्रश्न विचाराच आणि बिल पाहा.

चालवून पाहताना

किमान पाऊण तास गाडी तुमच्या हातात हवी. सुरुवात गावातल्या गल्ल्यांपासून, जिथे गाडी विजेवर चालायला हवी. मग नवेगाव बांध ते कोहमारा या रस्त्याने मध्यम वेगात. इंजिन लागण्या-बंद होण्याचा क्षण जाणवेल, पण धक्का बसता कामा नये. कोहमाऱ्याहून महामार्गावर साकोली किंवा देवरीच्या दिशेने वेगमर्यादा पाळून गाडीला पूर्ण जोर लावा. हायब्रिडच्या ई-सीव्हीटी गिअरबॉक्समध्ये जोर लावताच इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मागून येतो, हे स्वाभाविक. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर किंवा शिट्टी मात्र बेअरिंगकडे बोट दाखवते. हा जंगलपट्टा आहे, जनावरे अचानक रस्त्यावर येतात. चाचणीच्या नादात वेग वाढवू नका आणि अंधार पडायच्या आत परता.

परत आल्यावर गाडी बंद करून पुन्हा सुरू करा. तापल्यानंतर येणारे दोष तेव्हा दिसतात.

स्कॅन केल्याशिवाय बयाणा नाही

डोळे आणि कान यांना जे दिसत-ऐकू येत नाही, ते गाडीचा संगणक सांगतो. अधिकृत सेंटरमध्ये हायब्रिड यंत्रणेची तपासणी करून लेखी अहवाल घ्या. तीन गोष्टी नेमक्या मागा: साठवलेले एरर कोड आणि ते नुकतेच पुसले आहेत का, बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचा व्होल्टेज, आणि विद्युतरोधनाची स्थिती. जोर लावताना एखाद्या ब्लॉकचा व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा ठळकपणे खाली येत असेल तर तो ब्लॉक मरणपंथाला लागला आहे. सगळे कोड कालच पुसलेले दिसले तर शंभर किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

जाण्याआधी फोन करून हायब्रिडचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ त्या दिवशी आहे का, हे विचारा. प्रत्येक सेंटरमध्ये तो असतोच असे नाही. तिथेच मोठी बॅटरी, इन्व्हर्टर आणि ब्रेकचा ॲक्च्युएटर यांच्या बदलाचे लेखी कोटेशन घ्या. वॉरंटीबाहेरच्या गाडीचा भाव ठरवताना हाच कागद तुमचा आधार.

कागद

गोंदियाचा नंबर एमएच-३५. गाडी महाराष्ट्रातलीच, पण दुसऱ्या आरटीओची असेल, किंवा रायपूरची सीजी-०४, बालाघाटची एमपी-५० असेल, तर फॉर्म २८ वरचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. परराज्यातल्या गाडीला महाराष्ट्राचा करही भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. हा खर्च भावात धरा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटले असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र घ्या. कायद्याने विक्रेत्याने विक्री झाल्याचे आरटीओला त्याच राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते, दुसऱ्या राज्यात ४५ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमा नावावर करून घेण्यासाठी १४ दिवस आहेत. थकलेली ई-चलने ‘परिवहन’च्या संकेतस्थळावर आधीच पाहून विक्रेत्याकडून भरून घ्या.

सौदा कधी सोडायचा?

उंदराने खाल्लेली किंवा जोडलेली केशरी केबल, पुराच्या खुणा, लपवलेले इशारादिवे, फिरवलेले किलोमीटर, स्कॅनला नकार. यातले एकही सापडले तर भाव कितीही उतरला तरी गाडी घेऊ नका. जुनी बारा व्होल्टची बॅटरी, गंजलेल्या डिस्क, झिजलेले टायर, चोंदलेला पंखा हे भाव पाडून घेण्याचे दोष. पण पंखा चोंदलेला सापडला तर ब्लॉकचा व्होल्टेज पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्कॅनआधी बयाणा द्यावाच लागला, तर साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या: ‘अधिकृत सेंटरच्या अहवालात हायब्रिड यंत्रणेचा दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत’, आणि त्याखाली दोघांच्या सह्या व तारीख. प्रामाणिक विक्रेत्याला या ओळींची अडचण होत नाही. जो सही करत नाही, त्याला आपल्या गाडीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. स्कॅनवर आणि नागपूरच्या एका फेरीवर गेलेला खर्च फुकट वाटला तरी चालेल. घामाचे पैसे एकदा बंद गाडीत अडकले की ते सोडवायला त्याच्या कितीतरी पट लागतात.